नवीन लावलेलं पाइन, मोरपंखी, सायप्रस वाढतच नाही: खताची पिशवी उघडायच्या आधी काय काय तपासायचं

झाड लावून दोन वर्षं झाली, मेलेलं नाही, हिरवं आहे, पण उंची जिथल्या तिथे. पाणी चालू, खत चालू, तरी बोटभर हलत नाही, आणि त्याच दिवशी शेजारी लावलेलं दुसरं झाड मात्र डोक्याच्या वर गेलंय. सदाहरित झाडं, म्हणजे पाइन, स्प्रूस, फर, मोरपंखी, सायप्रस, ज्युनिपर असली, लावणाऱ्या जवळपास सगळ्यांना हा प्रश्न येतो आणि सुटला सुटला म्हणता पुढच्या हंगामात परत येतो, कारण दरवेळी उपाय एकच केला जातो, खत वाढवायचं. मी पण दोन वर्षं तेच केलं. सात मोरपंखी आणि दोन पाइन लावले होते, त्यातला एक पाइन आणि तीन मोरपंखी अडकून बसले, खत वाढवलं तर टोकं करपली, शेवटी तिसऱ्या वर्षी कुदळ घेऊन पाइनच उकरून बघितला आणि तेव्हा कळलं की खताचा प्रश्न कधी नव्हताच. वर वाढ हवी असेल तर खाली मुळांना काय अडवतंय ते आधी शोधायचं, बाकी सगळं त्याच्या नंतर.

पहिल्यांदा हे बघा की खरंच काही बिघडलंय का. जमिनीत वाढवलेलं झाड नर्सरीत खणून काढतात तेव्हा त्याची बरीचशी मुळं तिथेच जमिनीत राहतात, तुमच्याकडे येते ती फक्त खोडाजवळची हुंडी, म्हणजे मुळांना धरून असलेला मातीचा गोळा. वरचा पसारा तेवढाच, खाली मुळं अगदी थोडी, मग झाड आधी मुळांची भरपाई करणार आणि मगच वर हात-पाय पसरणार. साधा अंदाज असा धरतात की खोडाच्या दर 2.5 सेंटीमीटर जाडीला जीव धरायला साधारण एक वर्ष लागतं, म्हणजे 5 सेंटीमीटर जाड खोडाचं झाड लावलं असेल तर दोन वर्षं ते वर फारसं काही दाखवणार नाही, आणि हे अगदी नॉर्मल आहे. जिथे थंडी लांब चालते तिथे अजून वेळ लागतो, उबदार हवेत कमी. म्हणूनच मी सगळ्यांना सांगते की मोठं झाड घेण्याचा मोह टाळा, गुडघ्याएवढं रोप लवकर जीव धरतं आणि काही वर्षांत त्या महागड्या उंच झाडाला गाठतं, कधीकधी मागे पण टाकतं.

आता पाइन, स्प्रूस आणि फर यांच्याबद्दल एक गोष्ट जी मला आधी कोणी सांगितली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती. या झाडांची यंदाची वाढ यंदा ठरत नाही. फांदीच्या टोकाला जो डोळा असतो ना, तो मागच्या हंगामात तयार झालेला असतो आणि यंदा किती लांब कोंब निघणार याचा बराचसा हिशोब त्या डोळ्यातच आधीच झालेला असतो. वसंतात पाइनला मेणबत्तीसारखे उभे कोंब येतात ते म्हणजे त्या डोळ्यातली घडी उलगडतेय फक्त. त्यामुळे आज दिलेल्या पाण्याचा, काढलेल्या गवताचा परिणाम पुढच्या वर्षीच्या कोंबात दिसतो, आणि यंदा खत घालून महिन्याभराने 'काही फरक नाही' म्हणून परत खत घालणं म्हणजे निव्वळ मुळांना भाजणं. मोरपंखी, सायप्रस, ज्युनिपर यांचं वेगळं आहे, ही झाडं हवा-पाणी ठीक असेल तोवर हंगामभर थोडी थोडी वाढत राहतात, त्यांच्यात सुधारणा त्याच हंगामात दिसू शकते.

याचा फायदा असा की पाइन आणि स्प्रूसचा इतिहास खोडावरच लिहिलेला असतो. फांद्या खोडाभोवती कडं करून येतात, साधारण दर वर्षी एक कडं, आणि दोन कड्यांमधलं अंतर म्हणजे त्या वर्षीची उंचीतली वाढ. (काही पाइन एका वर्षात दोन-तीन कडी टाकतात, तिथे हा हिशोब फसतो, तेवढं लक्षात ठेवा.) मी टेप घेऊन माझ्या अडकलेल्या पाइनच्या शेजारी बसले आणि वरून खाली मोजत गेले. सगळ्यात वरचं अंतर 7 सेंटीमीटर, त्याच्या खालचं 9, त्याच्या खालचं 28, आणि त्याच्याही खालचं, म्हणजे नर्सरीतलं, 34. बघा काय झालंय, लावलं त्या वर्षी झाड चांगलं 28 सेंटीमीटर वाढलं कारण तो डोळा नर्सरीत बनलेला होता, आणि मी खूश होते की छान लागलं. पुढच्या वर्षी एकदम 9. म्हणून मी शोधत बसले की दुसऱ्या वर्षी असं काय झालं, कीड आली का, पाणी कमी पडलं का, आणि खरी चूक लावतानाच झाली होती, ती दिसली फक्त एक वर्ष उशिरा. तुमच्याकडे असंच पहिलं वर्ष छान आणि दुसरं ठप्प असेल तर संशय सरळ लागवडीवर घ्या. मोरपंखीला अशी कडी नसतात, तिथे शेजारी एक काठी रोवून शेंड्याच्या उंचीला खूण करून तारीख लिहून ठेवा, नुसत्या नजरेने अंदाज नेहमी चुकतो.

लागवडीत सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक म्हणजे झाड खोल लावणं. खोडाच्या तळाशी बघा. निरोगी झाडाचं खोड जमिनीपाशी थोडं रुंद होतं आणि तिथून मुख्य मुळं बाजूला सुटताना दिसतात. तुमचं खोड जर जमिनीत रोवलेल्या खांबासारखं सरळ आत शिरत असेल तर ते खोल गेलेलं आहे. खुरप्याने हळूहळू, साल न दुखवता, माती बाजूला करत जा आणि पेन्सिलीएवढं किंवा जास्त जाड पहिलं मूळ किती खाली लागतं ते मोजा. माझ्या पाइनला ते 9 सेंटीमीटर खाली लागलं. आणि यात तुमचीच चूक असेल असं नाही, बऱ्याचदा लहान पिशवीतून मोठ्या कुंडीत हलवताना दरवेळी वर थोडी थोडी माती पडत जाते, मग कुंडीतल्या मातीची पातळी धरून आपण लावतो आणि बुंधा आपोआप गाडला जातो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि हवा मातीच्या वरच्या थरात असते, झाडाची बहुतेक खाणारी मुळं वरच्या 30 ते 45 सेंटीमीटरमध्येच असतात ती उगाच नाही. खोल गेलेलं मूळ मरत नाही लगेच, ते फक्त काम करत नाही, म्हणून झाड हिरवं राहतं पण वाढत नाही.

उपाय झाडाच्या वयावर आहे. लावून एक-दोन वर्षंच झाली असतील आणि झाड तुमच्या हाताने उचलण्यासारखं असेल तर सरळ उचला आणि वर लावा, मुख्य मुळं जमिनीच्या पातळीला किंवा दोन-तीन सेंटीमीटर वर येतील अशी. जास्त वर्षं झाली असतील तर बुंध्याभोवतीची जादा माती हाताने काढून उथळ बशीसारखं करा, मात्र तिथे पाणी साचून राहणार नाही एवढं बघा. आणि नवीन लावत असाल तर खड्डा हुंडीच्या उंचीपेक्षा खोल नको, रुंद मात्र दुप्पट-तिप्पट हवा. खाली भुसभुशीत माती भरली की झाड नंतर बसतं आणि पुन्हा खोल जातं, म्हणून खड्ड्याचा तळ न खणलेला, घट्टच ठेवायचा.

दुसरं, कुंडीतली गुंडाळलेली मुळं. हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून एवढ्या पोटतिडकीने सांगतेय. पाइन उकरला तेव्हा तीन वर्षांनीसुद्धा हुंडी जशीच्या तशी कुंडीच्या आकाराची, वर रुंद खाली निमुळती, बाहेर कडेने बोटाएवढी जाड मुळं गोल गोल फिरलेली जशी कोणी दोरी गुंडाळून ठेवलीये, आणि त्या गुंडाळीच्या बाहेर नवीन पांढरी मुळं मोजून चार-पाच, बाजूच्या जमिनीत एक वीतभरही गेलेली नाहीत. तीन वर्षं ते झाड जमिनीत नाही, कुंडीतच होतं, फक्त कुंडी दिसत नव्हती. त्याला बाहेरून कितीही द्या, ते घेणार कुठून? अशी मुळं आपोआप सरळ होत नाहीत, उलट जाड होत जातात आणि काही वर्षांनी स्वतःच्याच खोडाला आवळतात, मग दहा-पंधरा वर्षांचं झाड एका बाजूने सुकायला लागतं आणि कारण कुणालाच कळत नाही.

त्यामुळे लावायच्या आधी कुंडी काढली की हुंडीची बाहेरची दोन-तीन सेंटीमीटरची साय धारदार करवतीने किंवा फावड्याने चारही बाजूंनी आणि खालून तासून टाका, खोडाजवळ फिरलेलं जाड मूळ दिसलं तर ते कापा. भीती वाटते, मलाही वाटली, पण कापलेल्या टोकातून नवीन मुळं बाहेरच्या दिशेने फुटतात आणि तीच आपल्याला हवीत. आधीच लावलेल्या झाडाचा संशय असेल तर सगळं न उकरता एका बाजूला हुंडीच्या कडेला चर खणून बघा, गोल फिरलेली मुळं दिसली तर तिथल्या तिथे कापा, पुढच्या हंगामात दुसरी बाजू. खणून काढलेली झाडं गोणपाटात, तारेच्या जाळीत किंवा सुतळीने बांधून येतात, ती सुतळी खोडाभोवतीची तर काढायचीच काढायची, आणि जाळी-गोणपाट निदान वरचा भाग तरी कापून टाकायचा. नायलॉनची दोरी कधीच कुजत नाही, खोड जाड होत गेलं की ती सालीत रुतते.

आता पाणी. इथे बहुतेक जण म्हणतात की पाणी तर भरपूर देतो, आणि खरंच देत असतात, पण चुकीच्या जागी. नर्सरीची हुंडी कोकोपीट, पीट, झाडाच्या सालीचा भुगा असल्या हलक्या मिश्रणाची असते आणि आजूबाजूची जमीन जड. पहिल्या हंगामात झाड फक्त हुंडीतलंच पाणी पितं, ती हलकी माती एक-दोन दिवसांत कोरडी पडते, बाजूची माती मात्र ओली राहते, आपण बोट बाजूला घालून बघतो आणि म्हणतो ओल आहे की. पीट, कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं की पाणी लवकर धरत नाही, वरून ओतलेलं पाणी कडेने निसटून जातं. म्हणून बोट किंवा पातळ सळई खोडाजवळ, हुंडीच्या आत घालून बघा, आणि तीच सळई बाजूच्या जमिनीत पण, दोन्हीकडे वेगळं उत्तर आलं तर प्रॉब्लेम सापडला. ठिबकचे ड्रिपर लांब लावले असतील तर पहिल्या वर्षी एक तरी हुंडीवर आणा, मग मुळं पसरतील तसे बाहेर सरकवत न्या.

प्रमाण म्हणाल तर खोडाच्या दर 2.5 सेंटीमीटर जाडीला एका वेळी साधारण 4 ते 6 लिटर, हळूहळू मुरेल असं. पहिले एक-दोन आठवडे रोज, तिथून बाराव्या आठवड्यापर्यंत दोन-तीन दिवसांनी, मग जीव धरेपर्यंत आठवड्यातून एकदा, अर्थात पाऊस आणि माती बघून. रोज दोन मिनिटं पाइप फिरवणं सगळ्यात वाईट, वरचा इंचभर ओला होतो आणि मुळं वरच खेळत राहतात.

जड, चिकण माती असेल तर उलटा प्रकार होतो, पाणी जास्त होऊन मुळं गुदमरतात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, मूठ वळली तर गोळा होतो पण हाताला चिखल लागत नाही, त्या अवस्थेवर माती सतत ठेवायची आहे आपल्याला. निचरा तपासायची सोपी टेस्ट: 30 सेंटीमीटर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते मुरू द्या, परत भरा आणि आता तासाला पातळी किती खाली जाते मोजा. 2.5 सेंटीमीटरपेक्षा कमी उतरली तर निचरा खराब आहे. तिथे खड्ड्यात खाली खडी टाकून काही होत नाही, उलट पाणी वरच अडून बसतं, झाड उंचवट्यावर लावणं हाच मार्ग, रुंद पसरट उंचवटा करा आणि हुंडीचा एक तृतीयांश भाग मूळ जमिनीच्या वर राहू द्या. याच कारणाने लागवडीच्या खड्ड्यात भरमसाट शेणखत, गांडूळखत मिसळू नका. ऐकायला विचित्र वाटतं पण जड जमिनीत असा मऊ खड्डा केला की तो टाकीसारखा पाणी धरतो आणि मुळांना पण बाहेरच्या कडक मातीत जायची गरज वाटत नाही, तिथेच गोल फिरतात. काढलेली मातीच परत भरा, कंपोस्ट द्यायचंच असेल तर वरून पसरा.

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगते. रुंद पानांचं झाड तहानलं की पानं मान टाकतात, आपण धावतो. सुईसारखी, खवल्यासारखी पानं असलेली झाडं तसं काही दाखवत नाहीत. मुळापासून कापून आणलेला फर कित्येक आठवडे हिरवा दिसतो, मग मुळं मेलेलं झाड महिना-दीड महिना हिरवं दिसलं तर नवल नाही. म्हणून रंगावर विसंबू नका. संशय आला तर फांदीची साल नखाने जराशी खरवडा, खाली ओलसर हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे, तपकिरी कोरडं असेल तर गेली. टोकाचे डोळे पण चिमटीत धरून बघा, भरीव आणि लवचिक हवेत, चुरा व्हायला नको.

आणि गवत. हे मी शेवटी लिहायचं म्हणत होते पण खरं तर झटपट फरक पाडणारं दुसरं काही नाही. खोडापर्यंत लॉन किंवा तण असेल तर तुमचं पाणी आणि नायट्रोजन आधी गवत पितं, कारण त्याची दाट मुळं नेमकी त्याच वरच्या थरात असतात जिथे झाडाची खाणारी मुळं आहेत, आणि गवत या लढाईत नवीन झाडाला सहज हरवतं. माझ्या तीन अडकलेल्या मोरपंखीत दोष फक्त एवढाच निघाला. चांगल्या वाढलेल्या चौघी फुलांच्या वाफ्याच्या बाजूला होत्या, या तिघी लॉनच्या बाजूला, पाणी सगळ्यांना सारखंच. झाडाभोवती निदान एक मीटर व्यासाचा, जमलं तर त्याहून मोठा, गोल गवतमुक्त करा, खणून नाही, खणलं तर झाडाची मुळंही तुटतात, गवत वरच्यावर सोलून काढा किंवा पुठ्ठा घालून दाबा. मग त्यावर लाकडाचे तुकडे, सालीचा चुरा, वाळलेला पाचोळा यांचं 5 ते 10 सेंटीमीटरचं आच्छादन. ओल टिकते, माती तापत नाही, तण येत नाही, आणि गवत कापायचं मशीन खोडाला लागत नाही, हा शेवटचा फायदा लहान समजू नका, गवत कापायच्या दोरीने सालीला पडलेली एक गोल जखम झाड कायमचं खुरटवते. खोडाच्या भोवती मात्र चार बोटं जागा मोकळी ठेवा, ढीग खोडाला टेकवला की साल सडते आणि उंदीर मुक्कामाला येतात. प्लॅस्टिक घालू नका, आणि ते काळं जाळीदार कापडही नको, मातीची हवा अडते. लाकडाचे ताजे तुकडे नायट्रोजन खातात म्हणतात ते मातीत मिसळले तर खरं आहे, वर पसरले तर फारशी काळजी नाही.

त्या तिघींचं गवत वसंतात काढलं, आच्छादन घातलं, आणि त्याच हंगामात शेंडे हलले. बाकी काहीही बदललं नव्हतं.

आता खत, कारण विचारलं तेच जातं. लावताना नाही, पहिल्या वर्षी नाही. रासायनिक खत म्हणजे शेवटी मीठ, तुटलेल्या मुळांच्या टोकाशी ते पाणी ओढून घेतं आणि टोकं करपतात, माझ्याकडे झालं तसंच. झाडाने जीव धरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून, आणि तेही गरज दिसली तर. नायट्रोजन कमी असेल तर सगळं झाडच फिकट पोपटी दिसतं, सुया आखूड राहतात, आणि फिकटपणा जुन्या पानांपासून सुरू होतो. अशा वेळी हळू विरघळणारं खत, एका चौरस मीटरला 5 ते 10 ग्रॅम नायट्रोजन बसेल असं, म्हणजे पिशवीवर नायट्रोजन 10 टक्के लिहिलं असेल तर 50 ते 100 ग्रॅम खत, फांद्यांच्या घेराच्या थोडं बाहेरपर्यंत पसरून, खोडाजवळ ढीग न करता, आणि वरून पाणी. वेळ हंगामाच्या सुरुवातीची. हंगाम संपत आल्यावर नायट्रोजन दिलं तर कोवळी फूट येते आणि थंडीत मरते. फॉस्फरस जास्त असलेलं 'मुळांसाठीचं' खत माती परीक्षणात कमतरता निघाल्याशिवाय घालू नका, मुळांशी राहणाऱ्या उपयोगी बुरशीला ते मारक ठरतं.

फक्त नवीन सुया पिवळ्या आणि जुन्या हिरव्या असतील तर ती नायट्रोजनची गोष्टच नाही, तिथे बहुधा लोह मिळत नाहीये आणि कारण मातीचा सामू, म्हणजे पीएच, जास्त असणं. पाइन, स्प्रूस, फर बहुतेक 5.5 ते 6.5 च्या आसपास खूश असतात, साडेसातच्या वर गेलं की मातीत लोह असूनही त्यांना घेता येत नाही. मोरपंखी आणि ज्युनिपर याबाबत सोशिक आहेत. माती परीक्षण एकदा करून घ्याच, त्याआधी सामू उतरवायला गंधक वगैरे टाकत बसू नका. आणि आतल्या, खोडाजवळच्या जुन्या सुया दरवर्षी थोड्या पिवळ्या होऊन गळणं हे तर चालायचंच, सदाहरित म्हणजे पानं कधी गळतच नाहीत असं नाही.

व्हिटॅमिन बी1 ची मुळांची औषधं, एप्सम सॉल्ट, यात पैसे घालू नका. मायकोरायझाच्या, म्हणजे मुळांशी राहणाऱ्या त्याच उपयोगी बुरशीच्या, पाकिटांबद्दल मला आधी खूप आशा होती, कारण ही बुरशी खरंच महत्त्वाची आहे, ज्या प्रदेशात पाइन मुळात नव्हता तिथे ही बुरशी असलेली पाइनखालची माती आणल्याशिवाय रोपं वाढलीच नव्हती असं घडलेलं आहे. पण साध्या बागेच्या जमिनीत ही बुरशी बहुतेक वेळा आधीच असते, शिवाय पाइन-स्प्रूसला एका प्रकारची लागते आणि मोरपंखी-सायप्रसला वेगळ्या प्रकारची, एकच पाकीट सगळ्यांना चालत नाही. लाकडाचं आच्छादन घाला, तेवढ्याने बुरशीचं काम सोपं होतं.

छाटणीबद्दल थोडं. लावताना 'मुळं कमी आहेत तर फांद्याही कमी करू' असं वाटतं, करू नका. फांद्यांच्या टोकाला ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक बनतं, ते खाली उतरून मुळांना फुटायला लावतं, टोकं कापली की मुळांचा तो निरोपच बंद. मोडलेलं, वाळलेलं तेवढंच काढा. शेंडा अजिबात कापू नका, आणि पाइन-स्प्रूसच्या सुया नसलेल्या जुन्या लाकडात कापलं तर तिथून परत फूट येत नाही. एका झाडाला दोन शेंडे निघाले असतील तर कमजोर असलेला लहानपणीच काढून टाका, ताकद विभागली जाते. आधाराची काठी गरज असेल तरच, सैल, आणि वर्षभरात काढायची. वाऱ्यात हललेलं खोड जाड होतं, जखडलेलं बारीक राहतं.

एवढं सगळं ठीक आणि तरी झाड धुरकट, निस्तेज दिसत असेल तर लाल कोळी बघा. पांढरा कागद फांदीखाली धरा, फांदीवर दोन टपल्या मारा, कागदावर पडलेले धुळीसारखे ठिपके चालायला लागले तर कोळी आहेत. काही जाती कोरड्या गरम दिवसांत जास्त येतात, स्प्रूसवरचा नेहमीचा कोळी मात्र वसंतात आणि शरदात, थंड हवेत. पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून, काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा मारला की बराच बंदोबस्त होतो. आणि ऊन, दिवसाचे सहा तास तरी सरळ ऊन नसेल तर यातल्या बहुतेक झाडांकडून वेगाची अपेक्षा ठेवू नका.

जात पण तपासा, कधीकधी झाड अगदी व्यवस्थित वाढत असतं, अपेक्षाच चुकीची असते. ग्रीन जायंट मोरपंखी किंवा लेलँड सायप्रस जीव धरल्यावर वर्षाला 60 ते 90 सेंटीमीटर जाऊ शकतात, एमराल्ड किंवा स्मराग्ड नावाची मोरपंखी 15 ते 30, आणि ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस 5 ते 10 सेंटीमीटर. तो शेवटचा 1904 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा भागात जंगलात सापडलेल्या बुटक्या स्प्रूसपासून आलेला आहे, त्याचं सौंदर्यच हळू वाढण्यात आहे, त्याला काहीही घातलं तरी तो दहा वर्षांत जेमतेम कमरेएवढा होणार. लेबल हरवलं असेल तर फोटो दाखवून जात ओळखून घ्या आणि मगच चिंता करा.

माझ्या पाइनचं सांगायचं राहिलं. तो मी थंड, ढगाळ दिवस बघून उचलला, बाहेरची गुंडाळी चारही बाजूंनी कापली, खोडाला आवळत आलेलं एक अंगठ्याएवढं मूळ करवतीने काढलं, 9 सेंटीमीटर वर लावला, तीच माती परत भरली, खत शून्य, वर लाकडाचे तुकडे आणि दीड मीटर गवतमुक्त गोल. पहिल्या वर्षी कोंब 5 सेंटीमीटर, आधीपेक्षाही कमी, खूप जीव खालीवर झाला माझा, पण सालीखाली हिरवं होतं आणि हुंडीच्या कडेला हाताने माती सारून बघितलं तर पांढरी मुळं बाहेर निघालेली दिसली, तेव्हा जरा धीर आला. दुसऱ्या वर्षी 11. तिसऱ्या वर्षी 29. यंदाचा कोंब थांबलाय आणि टोकाला पुढच्या वर्षीचे डोळे भरायला लागलेत, म्हणजे वरून झाड शांत दिसत असलं तरी ओल तुटू द्यायची नाही असे हेच आठवडे आहेत, त्यामुळे आठवड्याचं पाणी चालू ठेवलंय.